पेटंट तुमचं, लायसन्स त्यांचं. मग दुसरं मॉडेल कुणाचं?

ताई, नमस्कार.

शिरोळ तालुक्यात माझं वर्कशॉप आहे. लेथ, वेल्डिंग, ट्रॉली दुरुस्ती, सगळं चालतं. खोडव्यासाठी, म्हणजे ऊस तोडल्यावर बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकासाठी, पॉवर टिलरला जोडायचं एक अवजार मी बनवलं. ते उसाचं पाचट सरीतच बारीक करतं आणि त्याच फेरीत बुडखेही जमिनीलगत छाटतं. ओलं पाचट पात्यांना गुंडाळून शाफ्ट जाम व्हायचा. पात्यांच्या मधोमध एक स्थिर सुरी बसवून मी तो त्रास घालवला. ड्रॉइंग पॉलिटेक्निकच्या एका सरांनी काढून दिली, म्हणून अर्जात त्यांचंही नाव घातलं. अर्ज २०२० चा, पेटंट २०२४ मध्ये मिळालं. हंगामात पंचवीसेक नग जातात, नगामागे पंधराएक हजार सुटतात.

आता एका मोठ्या अवजार कंपनीनं करारनामा पाठवलाय. एकरकमी सात लाख, वर विक्रीवर दोन टक्के रॉयल्टी. बदल्यात अख्ख्या भारतासाठी एक्स्क्लुझिव्ह लायसन्स, पेटंटची मुदत संपेपर्यंत. शिवाय मी पुढं जी काही सुधारणा करीन ती आपोआप त्यांची. माझं दुसरं मॉडेल निम्मं तयार आहे, त्यांचा इंजिनिअर पुढच्या आठवड्यात ते बघायला येतोय.

बायको म्हणते, सात लाख घ्या आणि बँकेच्या कर्जातून मोकळे व्हा. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, "मामा, पेटंटमुळंच सगळं अडतं, ड्रॉइंग सगळ्यांना फुकट देऊन टाका." कंपनीनं मशीन बनवलंच नाही तर सरकार दुसऱ्याला लायसन्स देऊ शकतं, असंही त्यानं कुठंतरी वाचलंय. तुमचं मत काय?

– एक वर्कशॉपवाला, शिरोळ

दादा, नमस्कार.

आधी त्या इंजिनिअरचं बघू. आजच फोन करून त्याची भेट पुढं ढकला. कारण काहीही सांगा, हंगामाची गडबड म्हणा. दुसऱ्या मॉडेलचा अर्ज झालेला नाही आणि गुप्ततेचा कागदही झालेला नाही, अशा वेळी ते मशीन कुणालाच दाखवायचं नसतं. शेजाऱ्याच्या रानात चालवून बघणं नको, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला व्हिडिओ नको. एकदा गोष्ट उघड झाली की ती 'नवी' राहत नाही, आणि नवी नसेल तर पेटंट मिळत नाही. प्रोव्हिजनल अर्ज टाका. माणूस स्वतःच्या नावानं ऑनलाइन भरतो तेव्हा सरकारी फी १,६०० रुपये आहे, एजंटचे पैसे वेगळे. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. आणि या वेळी अर्जात नाव कुणाचं घालायचं ते नीट ठरवा. डोकं तुमचं आणि कागदावरच्या रेघा सरांच्या, एवढंच असेल तर सर संशोधक ठरत नाहीत. त्यांना मेहनताना द्या, मान द्या, पण पेटंटमधला वाटा उपकाराच्या भरात देऊ नका.

पहिल्या पेटंटात तो वाटा देऊन झालाय, आणि त्याचा परिणाम कंपनीच्या करारनाम्यात कुठंच दिसत नाही. पेटंट कायद्याचं कलम ५० सांगतं की पेटंट दोघांच्या नावावर असेल तर दुसऱ्याच्या संमतीवाचून एकाला लायसन्स देता येत नाही. म्हणजे तुम्ही एकट्यानं सही केली तर तो कागद पहिल्या दिवसापासून लंगडा. सात लाखांत सरांचं काय, हेही आताच बोलून घ्या. पैसे आल्यावर हा विषय निघाला की संबंध बिघडतात.

आता 'एक्स्क्लुझिव्ह' या शब्दाबद्दल. बहुतेकांना वाटतं, एक्स्क्लुझिव्ह म्हणजे कंपनी आणि मी सोडून तिसरा कुणी नाही. कायद्याच्या कलम २ मधली व्याख्या त्याहून कडक आहे: लायसन्स घेणारा सोडून बाकी सगळे बाहेर, पेटंटधारकसुद्धा. सही झाली की तुमच्याच वर्कशॉपमध्ये तुमचंच अवजार बनवायची तुम्हाला मनाई. तुमचेच आकडे घेऊन हिशेब करते. पंचवीस नग गुणिले पंधरा हजार म्हणजे हंगामाला पावणेचार लाख. सात लाख म्हणजे दोन हंगामांची कमाईसुद्धा भरत नाही, आणि पेटंट २०४० पर्यंत चालणार आहे. राहिली रॉयल्टी. अवजाराची किंमत ऐंशी-पंच्याऐंशी हजार धरली तर दोन टक्के म्हणजे नगाला सोळा-सतराशे. तुमच्या आजच्या कमाईएवढी रॉयल्टी यायला कंपनीनं वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास नग विकायला हवेत. आणि विकलेच नाहीत तर? किमान रॉयल्टीचं कलम तुम्ही सांगितलेल्या अटींत नाही. शून्याचे दोन टक्के शून्यच.

विकायचेच नसतील, ही शक्यता तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण मला तीच जास्त दिसते. मोठ्या अवजार कंपन्या ट्रॅक्टरमागे चालणारे मोठे मल्चर (पाचट बारीक करणारी यंत्रं) विकतात, नगाची किंमत लाखांत असते. पॉवर टिलरवाल्या लहान शेतकऱ्याला स्वस्तात तेच काम करून देणारं अवजार बाजारात यावं, असं त्यांना का वाटेल? सात लाखांत ते अवजार कपाटात जातं आणि वर तुमच्या डोक्यातून पुढं जे निघेल तेही कपाटात. ही कंपनी तशीच आहे असं मी म्हणत नाही. पण करारात तिला तसं वागायची पूर्ण मोकळीक आहे, आणि करार वाचताना समोरचा सज्जन आहे असं धरून वाचायचं नसतं.

पेटंटमुळं सगळं अडतं, हे तुमच्या भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. अडतं ते बहुतेक वेळा लायसन्सच्या अटींत. याचं आपल्या मातीतलं उदाहरण कापसाचं आहे. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो या बियाणे कंपन्यांनी १९९८ मध्ये भागीदारीत कंपनी काढली. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली. या कंपनीनं स्वतः सगळं बियाणं विकण्यापेक्षा देशातल्या डझनावारी बियाणे कंपन्यांना सबलायसन्स (लायसन्सवरून पुढं दिलेलं लायसन्स) दिलं आणि पिशवीमागं तंत्रज्ञानाची फी घेतली. सुरुवातीला ४५० ग्रॅमची पिशवी दीड हजारांच्या वर होती आणि त्यातले सुमारे १,२५० रुपये एकट्या फीचे होते. गंमत म्हणजे पहिल्या पिढीच्या त्या बियाण्याचं भारतात पेटंटच नव्हतं. फी वसूल होत होती ती निव्वळ करारावर. पेटंट नसतानाही लायसन्सचा कागद काय करू शकतो, ते इथं दिसतं. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडं गेलं, तेव्हा कुठं पिशवी ७५० वर आली.

पुढं दुसरी पिढी आली, तिचं पेटंट होतं. काही वर्षांत देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त रानात बीटी उभा राहिला. नावं बघायला गेलं तर हजारावर संकरित वाण, पण बहुतेक सगळ्यांत जनुकांची जोडी तीच. लायसन्स घेतलेल्या कंपन्यांनी आपापलं वाण त्यात बसवलं, पाकीट रंगवलं आणि विकलं. बोंडअळीवर वेगळा काही उपाय शोधण्यात पैसा घालायचं कुणाला कारणच उरलं नाही. गुलाबी बोंडअळीला मात्र एकच कुलूप उघडायचं होतं. २०१७ मध्ये यवतमाळकडं तिनं कापसाचं काय केलं ते तुम्ही वाचलं असेल. हे सारं लायसन्समुळंच झालं असं मी म्हणणार नाही. शेजारी बिगर-बीटीच्या ओळी न लावणं, फरदड लांबवणं (हंगाम संपल्यावरही तेच पीक रानात ठेवणं), तीही कारणं आहेत. पण अख्खा बाजार एका लायसन्सवर उभा राहिला की अळीचं काम सोपं होतं, एवढं नक्की.

मग सरकार मध्ये पडलं, आणि तेही माझ्या मते धड पडलं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये किंमत नियंत्रणाचा आदेश निघाला. २०१६ च्या हंगामाला दुसऱ्या पिढीच्या पिशवीची किंमत ८०० रुपये ठरली आणि त्यातली फी १६३ वरून ४९ रुपये. मे २०१६ मध्ये लायसन्सचा नमुना आला: मागेल त्या पात्र कंपनीला द्यायचंच, रॉयल्टीला वर मर्यादा. ओरड झाली तशी अधिसूचना मागं घेऊन तिचा मसुदा केला गेला. मोन्सँटोची भागीदार महिको हिनं त्याच वर्षी तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीचा परवानगीचा अर्ज मागं घेतला. इकडं नुजीवीडू या बियाणे कंपनीशी मोन्सँटोचा रॉयल्टीवरून दावा चालूच होता. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं पेटंटच अवैध ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल बाजूला सारून प्रकरण परत पाठवलं. २०२१ मध्ये दोघांनी आपसात मिटवलं, तोवर पेटंटची वीस वर्षं संपून गेली होती. आणि ज्या बियाण्याचा अर्ज मागं घेतला गेला, तसलं बियाणं चोरट्या मार्गानं विदर्भात पोचलंच. जून २०१९ मध्ये अकोल्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते उघडपणे पेरलं. ना बिल, ना हमी, उगवलं नाही तर दाद मागायला जागा नाही. एका बाजूनं फी ताणली, दुसऱ्या बाजूनं दर ठोकून बसवला, आणि शेतकरी काळ्या बाजाराच्या पाकिटावर आला.

तुम्ही म्हणाल, कायदा असल्या अटी रोखत नाही का? काही रोखतो. कलम १४० प्रमाणे लायसन्स घेणाऱ्यावर "तुझ्या सुधारणा फक्त मलाच दे", "माझ्या पेटंटला आव्हान देऊ नको", "नको असलेली पेटंटंही गठ्ठ्यानं घे", "पाती माझ्याकडूनच विकत घे" अशा अटी लादता येत नाहीत. पण नीट बघा, हे संरक्षण लायसन्स *घेणाऱ्याला* आहे. १९५९ मध्ये न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीनं अहवाल दिला, तेव्हा देशातली बहुतांश पेटंटं परदेशी कंपन्यांच्या हातात होती आणि त्यातली बहुतेक इथं वापरलीच जात नव्हती. १९७० चा कायदा त्या अहवालावर उभा आहे. त्याच्या डोळ्यापुढं पेटंटधारक म्हणजे बडा आणि लायसन्स घेणारा म्हणजे लहान. तुमच्या बाबतीत पारडं उलटं आहे. लहान तुम्ही, बडी ती. म्हणून "माझ्या पुढच्या सुधारणा त्यांच्या" ही तुमच्यावरची अट कलम १४० च्या चौकटीत सरळ बसत नाही. तिथं कायदा धावून येईल या भरवशावर राहू नका, अट कागदावरच खोडा.

सक्तीच्या लायसन्सचंही तसंच. भाच्यानं वाचलं ते खरं आहे. पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि वस्तू लोकांना पुरेशी मिळत नसेल, परवडत नसेल किंवा भारतात पेटंट वापरातच आणलं नसेल, तर कलम ८४ खाली कुणीही संबंधित माणूस लायसन्स मागू शकतो. पण प्रत्यक्षात? ९ मार्च २०१२ ला बायर कंपनीच्या कर्करोगावरच्या औषधासाठी हैदराबादच्या नॅटकोला तसं लायसन्स मिळालं. महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला, बायरला ६ टक्के रॉयल्टी ठरली, ती पुढं ७ झाली. बायरनं वरपर्यंत लढून बघितलं, निकाल टिकला. त्यानंतर बीडीआर आणि ली फार्मा यांनी दुसऱ्या औषधांसाठी अर्ज केले, ते फेटाळले गेले. या कलमाखाली आजवर दिलेलं लायसन्स ते एकच. औषध कंपन्यांची ही गत, तर पाचटाच्या अवजारासाठी कोण वकील लावणार? आणि एक गमतीची गोष्ट सांगते: असा अर्ज कुणी केलाच तर तो तुमच्या पेटंटविरुद्ध असेल. नोटीस तुमच्या दारात येईल.

भाच्याच्या 'फुकट देऊन टाका'कडं वळते. त्याला माझ्याकडून एक गोष्ट सांगा, त्याला आवडेल. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ चं. पार्लमेंटनं खास कायदा करून ते १८०० पर्यंत वाढवून दिलं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांना इंजिन हवं असेल तर जुन्या इंजिनाच्या मानानं जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांना द्यावा लागे. हॉर्नब्लोअर नावाच्या इंजिनिअरनं दोन सिलिंडरचं इंजिन केलं, त्यालाही या दोघांनी आडवलं. १८०० मध्ये पेटंट संपलं. १८११ पासून कॉर्नवॉलच्या खाणींनी आपापल्या इंजिनांचा हिशेब दर महिन्याला छापायला सुरुवात केली, कुणाचं इंजिन किती कोळशात किती पाणी उपसतं ते सगळ्यांपुढं. ट्रेव्हिथिक नावाच्या इंजिनिअरनं १८१२ मध्ये जास्त दाबाचं इंजिन उभं केलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. पुढच्या दोन-तीन दशकांत तेवढ्याच कोळशात दुपटी-तिपटीनं पाणी उपसलं जाऊ लागलं.

इथपर्यंत भाचा खूष. पण तिथले इंजिनिअर खाणमालकांच्या मेहनतान्यावर जगत होते. चांगलं इंजिन केलं की पुढच्या खाणीचं काम मिळायचं. तुम्हाला असा मेहनताना कोण देणार आहे? ड्रॉइंग फुकट वाटलीत तर पहिला फायदा त्याच मोठ्या कंपनीला, तिच्याकडं प्रेस आहे, डीलर आहेत. तुमच्या बँकेच्या हप्त्याला ते ड्रॉइंग चालत नाही. वहिनींचं म्हणणं मी म्हणूनच हलक्यात घेत नाही. कर्ज खरं आहे. फक्त सात लाखांच्या बदल्यात कर्ज फेडायचं साधनच जातंय, हे त्यांना आकडे मांडून दाखवा.

तेव्हा कंपनीला नाही म्हणू नका, उलटा प्रस्ताव पाठवा. त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वाटणी. ट्रॅक्टरला जोडायचं मॉडेल कंपनीला एक्स्क्लुझिव्ह द्या, पॉवर टिलरचं स्वतःकडं ठेवा. पेटंट एकच असलं तरी वापराप्रमाणं लायसन्स वेगळं देता येतं, आणि कंपनीचा बाजार ट्रॅक्टरचाच आहे. दुसरं, तारीख. सही झाल्यापासून दीड वर्षात मशीन डीलरकडं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर एक्स्क्लुझिव्हपणा आपोआप संपेल आणि एकरकमी पैसे कंपनीला परत मागता येणार नाहीत. तिसरं, वर्षाची किमान रॉयल्टी, मशीन विकलं जावो न जावो. हा आकडा इतका असावा की कपाटात ठेवणं कंपनीला परवडू नये. ज्याला खरंच मशीन बनवायचंय तो या तिन्हींवर घासाघीस करेल, पण मान्य करेल. ज्याला बनवायचं नाही तो दुसऱ्या अटीलाच अडेल. तुम्हाला त्याचं उत्तर तिथंच मिळेल.

सुधारणांचं कलम काढाच. त्याऐवजी एवढं देऊ शकता: तुमचं पुढचं मॉडेल तयार होऊन त्याचा अर्ज झाला की साठ दिवस पहिली संधी कंपनीची, भाव त्या वेळी ठरेल, नाही ठरला तर तुम्ही मोकळे. आणि कंपनीनं तुमच्या अवजारात काही सुधारलं तर ते तुमच्या वर्कशॉपमध्ये वापरायची मुभा तुम्हालाही. 'तुम्हालाही', 'फक्त तुम्हाला' असं नको, नाहीतर कलम १४० तुमच्याच अंगावर येईल.

बाकीचं पटकन सांगते. वार्षिक नूतनीकरणाची फी कोण भरणार ते लिहा. ती चुकली की पेटंट बाद होतं आणि मग कुणालाच काही नाही. कंपनीचे विक्रीचे हिशेब तुमच्या सीएला बघता आले पाहिजेत. तुमची परवानगी असल्याशिवाय सबलायसन्स नको. करार लेखी आणि सगळ्या अटींसकट हवा, आणि त्याची पेटंट ऑफिसात नोंद हवी. नोंद नसेल तर तो पुरावा म्हणून कोर्टापुढं चालवताना अडचण येते. पेटंट वापरात आहे की नाही याचं निवेदन आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा फॉर्म २७ मध्ये द्यावं लागतं. तुम्हालाही आणि कंपनीलाही. कंपनीच्या फॉर्मची प्रत मागायचा हक्क करारात घाला. रॉयल्टीवर जीएसटी १८ टक्के आहे, तो दोन टक्क्यांत धरलाय की वर, हेही विचारा.

आणि कंपनी सगळ्यालाच नाही म्हणाली तर? शिरोली एमआयडीसीत, सांगलीत, बारामतीकडं तुमच्यासारखी वर्कशॉप आहेत. तुमचं अवजार बघून कुणीतरी नक्कल करणारच, आज नाही तर उद्या. त्यांच्यातल्या चार-पाच भरवशाच्यांना साधं, बिगर-एक्स्क्लुझिव्ह लायसन्स द्या. नगाला दोन-अडीच हजार रुपये, सोबत ड्रॉइंग आणि ती स्थिर सुरी तुमच्याकडून बसवून घ्यायची मोकळीक. मोकळीक म्हणते, सक्ती करता येणार नाही. चौघांनी मिळून हंगामात शंभर नग काढले तर तुमच्या हातात दोन-अडीच लाख येतात, स्वतःचे पंचवीस नग वेगळे. वेगवेगळ्या रानांत वेगवेगळे हात ते चालवतील, कुठं पाती झिजतात, कुठं बेअरिंग जातं ते तुमच्या कानावर येईल, आणि तिसऱ्या मॉडेलचं काम तिथूनच सुरू होईल. या रस्त्यानं सात लाख एकदम दिसणार नाहीत, हे खरं. बँकेच्या मॅनेजरला पेटंट आणि चार लायसन्सचे करार दाखवून हप्ते वाढवून मागा.

आज इंजिनिअरला फोन, उद्या सरांकडं जा. करारनाम्याची प्रत सोबत न्या आणि त्यांनाही वाचायला द्या. तोवर कंपनीकडून टोकन म्हणून एक रुपयाही घेऊ नका, आणि मेसेजला नुसतं 'ओके' असंही उत्तर देऊ नका.